२००९ची ऑटोमॅटिक, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उडतो. गिअरबॉक्स खोलू का?

कोथरूडचा_मी

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे. २००९ची पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारी) जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद 'ती घेतलीच कशाला' यावर जातील. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे क्लच दाबणं बंद आणि ही गाडी विकणंही बंद. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत पुन्हा पासिंग केलं, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांची निश्चिंती झाली असं वाटलं. आणि आता हे.

सकाळी पहिल्यांदा पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकली की दोनेक सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन झटका. डी (ड्राइव्ह, पुढे जायचं) ला टाकताना झटका त्यामानाने कमी. चालवताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जायच्या वेळी इंजिन एकदम मिनिटाला ३५०० फेऱ्यांपर्यंत ओरडतं, जणू कोणी न्यूट्रल केलंय, आणि मग गिअर पकडतो. सपाटीला हलक्या पायाने चालवली तर जाणवत नाही. खंबाटकी घाटात मात्र हमखास. एकदा डॅशवरचा 'डी'चा दिवा लुकलुकला, गाडी बंद करून चालू केल्यावर गेला.

एका मेकॅनिकने चौकापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, 'गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल, ९० हजार धरून चाला.' गाडीचीच किंमत पावणेदोन लाख येईल की नाही शंका. दुसरा म्हणतो कुर्ल्याहून जुना बॉक्स आणून ४५ मध्ये बसवून देतो. बाबा म्हणतात चालतेय ना, मग हात लावू नका. कोणाचं ऐकू?

रिकामटेकडा

बाबांचं. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

वंगणमहर्षी

तिघांचंही आत्ताच ऐकू नका. माझी बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये गेली, त्यातली शेवटची आठ फक्त ऑटोमॅटिकवर. चौकापर्यंत चक्कर मारून बॉक्स खोलायला सांगणारा माणूस एकतर फार मोठा जाणकार असतो, नाहीतर त्याला दुसरं काही येत नसतं.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही (आणि मेकॅनिकनेही) ते एकत्र बांधलेत. ते आधी सोडवू.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आत एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. दोन्ही तेलाच्या दाबावर चालतात. पहिला वेळेवर सुटला आणि दुसऱ्यापर्यंत दाब उशिरा पोचला, तर मधल्या अर्ध्या सेकंदात इंजिनाला कोणीच धरलेलं नसतं. तोच तुमचा ३५००चा ओरडा. आता दाब उशिरा का पोचतो? तेल कमी आहे, तेल जळून गेलंय, तेल भलतंच भरलंय, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकतोय, नाहीतर आतल्या क्लचप्लेटा किंवा सील संपलेत. या पाचांपैकी फक्त शेवटच्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो. बाकी चार जागेवर तपासता येतात, आणि सोलेनॉइड तर पुष्कळ गाड्यांत बाहेरूनच किंवा खालचा पॅन काढून बदलतात.

झटक्याचं वेगळं. त्यासाठी आधी इंजिन माउंट बघा, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. पंधरा वर्षांत रबर फाटतंच. बॉनेट उघडा, समोरून सगळ्यांना बाजूला करा, एकाने ब्रेक गच्च दाबून हँडब्रेक ओढून डी-आर-डी करावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघावं. इंजिन जागच्या जागी हललं तर ठीक. टुणकन उडी मारून बसलं तर माउंट गेलंय. मी अशा किमान तीन गाड्या पाहिल्यात ज्यांचा बॉक्स खोलून, बिल भरून, परत बसवल्यावरही झटका तसाच होता.

गाडी थंड असताना आयडल (उभ्या गाडीत, पाय काढल्यावरचा आरपीएम) किती असतो तेही सांगा. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचून आयडल गरम झाल्यावरही १२००-१३००ला टांगला असेल तर नवाकोरा बॉक्सही आर मध्ये लाथ मारेल.

आणि तेल शेवटचं कधी बदललं? बिल शोधा. 'बदललं होतं बहुतेक' असं लिहू नका.

सातारकर_जर्सी

महर्षींना +१. मी न्यू जर्सीत असतो. इथे दर दुसऱ्या मराठी घरात मुलं लहान असतानाची एक म्हातारी मिनीव्हॅन असते आणि तिचा ट्रान्समिशन हा देवळातल्या गप्पांचा कायमचा विषय. माझ्या व्हॅनचा असाच आरपीएम उडायचा. पार्ट्सच्या साखळी दुकानात इंजिनाचे कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) फुकट वाचून देतात, तिथे पी०७०० आला. त्यावर दोन महिने मी इंटरनेटवर डोकं फोडलं.

नंतर कळलं की पी०७००ला स्वतःचा अर्थच नाही. ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की 'माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, येऊन बघ'. खरी नोंद वाचायला ट्रान्समिशनपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा इंजिनापाशीच थांबतं. तुमचा 'डी' लुकलुकला म्हणजे तुमच्याकडेही नोंद असणार. बॅटरीचं टर्मिनल काढू नका, पुष्कळ गाड्यांत नोंद पुसली जाते. (मी काढलं होतं. शहाणपणा.)

माझ्याकडे शेवटी पी०७३३ निघाला, म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. हा कोड आला की लोक 'बॉक्स गेला' म्हणतात, पण तो फक्त घसरलं एवढंच सांगतो, का घसरलं ते नाही. पी०७५०च्या घरातले आले तर मात्र सोलेनॉइड किंवा त्याची वायर.

कोथरूडचा_मी

अपडेट. महर्षी, तुमच्या धाकाने कपाट उपसलं. तेल एकदाच बदललंय, ५२ हजारला, म्हणजे ६६ हजार किमी तेच तेल. बिलावर नुसतं 'गिअर ऑइल' लिहिलंय, कोणतं ते नाही.

डिपस्टिक काढली. रंग कोरा चहा, फार उकळलेला. वास थोडा करपट. पातळी खालच्या खुणेच्या किंचित खाली, पण इंजिन चालू ठेवून बघायचं की बंद करून यावर घरात वाद झाला.

माउंट: शेजारच्या काकांनी डी-आर केलं आणि मी बघत होतो. उडी मारली! पुढच्या बाजूचं रबर सरळ दोन तुकड्यांत आहे.

आता प्रश्न. एक वर्कशॉप म्हणतंय मशीन लावून पूर्ण फ्लश करू. दुसरा म्हणतो एवढं जुनं तेल बदललंत तर बॉक्स त्याच दिवशी बसेल, तसंच राहू द्या. नक्की काय?

वंगणमहर्षी

माउंट आधी. तो विषय संपला.

पातळी कशी बघायची ते गाडीच्या पुस्तकात असतं आणि कंपनीगणिक वेगळं असतं. बऱ्याच गाड्यांत तेल गरम करून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पी मध्ये बघतात. होंडासारख्या काही ठिकाणी गरम झाल्यावर इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असतं. चुकीच्या पद्धतीने बघून वरून भर घातली की तेल जास्त होतं, आत फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो. फेसातल्या हवेला दाब धरता येत नाही. मग कमी तेलाची जी लक्षणं तीच जास्त तेलाची. माणूस आणखी ओततो.

आता 'बदललं तर बसेल' ही दंतकथा. तिच्यात अर्धं सत्य आहे. प्लेटांचं घर्षणाचं आवरण झिजून त्याची पूड तेलात असते. प्लेटा अगदीच संपल्या असतील तर त्या पुडीमुळेच त्या कशाबशा पकडत असतात, आणि ताज्या तेलात घसरतात. पण अशी गाडी चहा पिऊन येईपर्यंतचीच सोबती असते, तेल बदला वा न बदला. तुमची सपाटीला नीट पकडते. म्हणजे प्लेटा शिल्लक आहेत असं धरून मी पुढे गेलो असतो.

फ्लश मात्र नको. मशीनच्या जोराने कोपऱ्यात शांत बसलेला गाळ उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल क्लचांकडे वाटून देणाऱ्या भागाच्या) केसाएवढ्या वाटांत जाऊन बसतो. त्यापेक्षा खालचा नट उघडा, जेवढं पडेल तेवढं पडू द्या, तेवढंच मोजून नवीन भरा. साधारण सहा लिटरच्या बॉक्समधून अडीच-तीन लिटरच बाहेर येतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. म्हणून हेच तीनदा करायचं, मधे शे-दोनशे किमी चालवून. अर्धं अर्धं करत तिसऱ्या खेपेला जुनं तेल आठवा हिस्सा उरतं. गाळ हळूहळू निघतो, बॉक्सला धक्का बसत नाही.

तेल पुस्तकात लिहिलंय तेच. होंडाचं डीडब्ल्यू-१, टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या जुन्या चार-गिअरवाल्यांचं एसपी-३, ही अदलाबदल करायची तेलं नाहीत. प्रत्येकाचा घर्षणाचा स्वभाव वेगळा आणि क्लचचा वेळ त्यावर बसवलेला. 'सगळ्याला चालतं' म्हणणाऱ्या दुकानदाराला विचारा, तुमच्या गाडीत टाकता का.

नटावर चुंबक असतं. त्यावर राखाडी मलम असेल तर पुसा आणि विसरा. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर फोटो इथे टाका, मग कुर्ल्याच्या बॉक्सबद्दल बोलू. आणि तेल गुलाबी दुधासारखं निघालं तर गाडी चालूच करू नका. रेडिएटरच्या पोटातला ऑइल कूलर फुटून पाणी मिसळलेलं असतं.

ठाणेवाली_मीना

मधेच घुसते, सॉरी. माझी २०१६ची छोटी हॅचबॅक ऑटोमॅटिक आहे, तीही गिअर बदलताना डोकं पुढे फेकते. मीपण तीनदा तेल बदलू?

वंगणमहर्षी

मीनाताई, तुमची बहुतेक एएमटी असणार. ते वेगळं जनावर. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त पाय आणि हात यांच्याऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा. आपल्याकडे २०१४ला सेलेरिओबरोबर आली आणि लोकांनी तिलाही ऑटोमॅटिकच म्हटलं. थोडं डोकं हलणं तिचा स्वभावच आहे, बदलाच्या क्षणी पाय किंचित सैल करा. अलीकडे वाढलं असेल तर क्लच किती झिजलाय ते बघून क्लच नेमका कुठे पकडतो तो पॉइंट स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवून घ्या. वर लिहिलेलं तेलाचं पुराण तुम्हाला लागू नाही.

रिकामटेकडा

वाचनखूण साठवली. महर्षी, सीव्हीटी म्हणतात त्या तिसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं पण येऊ द्या.

वंगणमहर्षी

वेगळा धागा काढा. तिथे पट्टा असतो, गिअरच नाहीत, 'दुसऱ्यातून तिसऱ्यात' हा प्रश्नच नाही.

कोथरूडचा_मी

पाच आठवड्यांनी येतोय, माफी.

माउंट नाना पेठेतून आणलं, बसवण्यासकट ३१००. आर चा धाडकन झटका त्याच संध्याकाळी गेला. सकाळची दोन सेकंदांची वाट मात्र पहिल्या तेलानंतर अर्ध्यावर आली आणि दुसऱ्यानंतर जवळजवळ संपली. चुंबकावर मलम होतं, भरपूर, पण तुकडे नाहीत. पहिल्या खेपेला निघालेलं तेल मी बाटलीत भरून ठेवलंय, दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायला.

आरपीएमचं उडणं तिसऱ्या तेलानंतरही गरम झाल्यावर थोडं राहिलंच. मग पूर्ण स्कॅनर असलेला एक माणूस शोधला. जुनी नोंद सापडली: एका शिफ्ट सोलेनॉइडची. त्याने मीटर लावून थंड आणि गरम दोन्ही वेळा रोध मोजला, गरम झाल्यावर आकडा हद्दीबाहेर जात होता. सोलेनॉइड बाहेरूनच निघाला. जाळीत काळी पूड अडकलेली. नवीन टाकला, मग गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेलं सगळं रीसेट करून अर्धा तास शांतपणे चालवायला लावली. तेल, सोलेनॉइड, मजुरी, माउंट सगळं धरून १७ हजारांच्या आत.

सातारकर, कोडचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी टर्मिनल काढून मोकळा झालो असतो.

एकच शंका. रविवारी बाबांना घेऊन साताऱ्याला जायचंय. घाटात काही काळजी?

वंगणमहर्षी

चढताना बॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करायला लागला तर ओव्हरड्राइव्ह (सर्वात वरचा गिअर) बंद करा किंवा लिव्हरवर डी३ (तिसऱ्याच्या वर न जाणारं) असेल तर तिथे टाका. त्या सततच्या बदलात तेल सर्वात जास्त तापतं. उतरताना २ वर. न्यूट्रल अजिबात नाही. आणि कधी बंद पडलीच तर पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊ देऊ नका, सपाट ट्रकच मागवा. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकं मात्र आतलं सगळं कोरडं फिरवत राहतात.

कोथरूडचा_मी

जाऊन आलो. घाटात डी३ वर चढवली, तिसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही. बाबा शेजारी बसून पूर्ण घाटभर रस्त्याकडे नाही, आरपीएमच्या काट्याकडे बघत होते. वर पोचल्यावर म्हणाले, 'मी म्हटलं होतं ना, काही झालेलं नाही गाडीला.'