२४ एचपी ट्रॅक्टरला फांद्या तोडणारा चिपर कोणता घ्यावा?

प्रश्न (आंबा बागायतदार, रत्नागिरी):
आमची हापूसची जुनी कलमे आहेत आणि बांधावर माड आहेत. छाटणीत निघालेल्या फांद्या आजवर भाजावळीत जात होत्या. यंदापासून त्यांचे बारीक तुकडे करून आळ्यात पसरावेत, असे ठरवले आहे. ट्रॅक्टर २४ एचपीचा, एकाच क्लचचा, आणि लिफ्टची क्षमता ७५० किलो आहे. विक्रेत्याने दोन यंत्रे दाखवली. एकात ४ इंची फांदी हाताने घालायची. दुसरे ६ इंची असून त्यात फांदी ओढून घेणारे हायड्रॉलिक रोलर आहेत. कोणते घ्यावे? झावळ्याही त्यातच चालतील का?

उत्तर (द्राक्ष बागायतदार, तासगाव):
आमच्या भागात छाटणीच्या काड्या ओळीतच मल्चरने कुटतात, पण त्या पेन्सिलीएवढ्या असतात. आपल्या लाकडाला ते यंत्र पुरणार नाही. पात्यांचा चिपरच पाहावा.

उत्तर (बागायतदार, सावंतवाडी):
पत्रकातल्या इंचांवरून निवड करू नका. इंजिन २४ एचपीचे असले तरी पीटीओला (जोडलेले यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) साधारण २० एचपीच मिळते, आणि ६ इंची ओल्या आंब्याच्या फांदीला तेवढी ताकद कमी पडते, त्यामुळे यंत्र दर दोन मिनिटांनी अडकते. ४ इंचीचे यंत्रही सलग कामाला ३ इंचांपर्यंतच धरावे. त्याहून जाड लाकूड सरपणाला वेगळे काढले की काम सुरळीत चालते.

आपल्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्लच, कारण चाके आणि पीटीओ दोन्हींना तो एकच आहे. चिपरचे जड चाक वेगात असताना आपण क्लच दाबला, तरी ते चाक पीटीओमार्फत गिअरबॉक्स फिरवत राहते, आणि गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. कोकणातल्या उतारावर हे जिवावर बेतू शकते. म्हणून पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवून घ्याच, आणि चिपर चालू असताना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभा ठेवा. यंत्राचे वजनही विचारा: ते लिफ्टला पेलले तरी चढावर पुढची चाके हलकी होतात, तेव्हा पुढे वजने लावावी लागतात.

उत्तर (ट्रॅक्टर मेकॅनिक, कणकवली):
वरील मताशी सहमत आहे. पीटीओ ५४० आरपीएमवरच चालवावा. आपल्या ट्रॅक्टरला दुसरा, जास्त वेगाचा पीटीओ असेल तर तो या यंत्राला कधीही लावू नये. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटला म्हणून त्या जागी कडक बोल्ट घालणारे पुष्कळ भेटतात. मग बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो. तांबड्या मातीत लोळलेल्या फांद्या झटकून घाला, कारण वाळूने पात्यांची धार लवकर जाते. झावळ्या चालतात, पण देठाकडून आणि एकेक घालाव्यात; धार बोथट असेल तर त्यांचे धागे शाफ्टला गुंडाळतात.

प्रश्नकर्ता:
मग ४ इंचीच घेतो आणि ओव्हररनिंग क्लच सोबतच मागतो. तुकडे खोडाला लागून टाकले तर चालतील का?

उत्तर (सावंतवाडी):
नाही, वाळवी येते. खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवून वरच पसरा. ताजे तुकडे मातीत मिसळू नका, कारण कुजताना ते मातीतला नत्र खेचून घेतात.