भांडुपच्या टेकडीवर संरक्षक भिंत: पैसे कुठल्या निधीतून मागायचे?

उतारावरची वस्ती यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावरची वस्ती आहे. वरच्या आणि खालच्या घरांच्या मध्ये जुनी दगडी भिंत आहे, लांबी साधारण ३० मीटर, उंची ४ मीटर. मधला भाग पुढे फुगला आहे आणि जोराच्या पावसात पायाशी गढूळ पाणी येतं. भिंतीच्या खाली बरीच घरं आहेत, लहान मुलं आहेत.

नवी भिंत बांधायची मागणी करायची आहे, पण आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन, महापालिका, म्हाडा यांपैकी नेमकं कोणाचं दार वाजवायचं? सोबत कोणते कागद लागतात? मंजुरी मिळूनही काम अडकतं, ते कशामुळे? भिंतीलगतच्या पायऱ्यांवर दिवे आणि नाक्यावर दोन-तीन सीसीटीव्ही हवेत, ते याच प्रस्तावात घालावेत का?

नियोजन कक्ष यांचं उत्तर

निधी कोणाचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, जमीन कोणाची. नगर भूमापन कार्यालयातून सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकाची मिळकत पत्रिका काढा, महाभूमीच्या संकेतस्थळावरही मिळते. महापालिकेच्या संकेतस्थळावरून विकास आराखडा २०३४ चे डीपी रिमार्क घ्या, म्हणजे जागेवर रस्ता, उद्यान किंवा दुसरं आरक्षण आहे का ते कळेल. तुमची बाजू राष्ट्रीय उद्यानाकडची आहे, तेव्हा वनखात्याची हद्द कुठून जाते हेही तपासा. झोपडपट्टी अधिनियम १९७१ च्या कलम ४ खाली वस्ती घोषित झाली असेल तर त्या अधिसूचनेची प्रत जोडा. आणि झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचं आशयपत्र, म्हणजे विकासकाला दिलेलं मंजुरीचं पत्र, निघालं आहे का ते विचारून ठेवा. ते निघालं असेल तर पक्क्या कामाला यंत्रणा हात आखडता घेतात, मग विकासकाच्या जबाबदारीचा मुद्दा वेगळा लावून धरावा लागतो.

आता दारं. टेकडीवरच्या वस्त्यांमधल्या भिंती मुंबईत बहुतेक वेळा म्हाडाचं मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ बांधतं. मंडळ ही कार्यान्वयीन यंत्रणा, पैसा दुसऱ्याचा: आमदार निधीचा, खासदार निधीचा किंवा जिल्हा वार्षिक योजनेचा. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवणी होते ती यामुळेच, कारण पैसा देणारा एक, मंजुरी देणारा दुसरा आणि बांधणारा तिसरा. अर्ज करताना या तिघांनाही प्रत द्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

आमदार निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे आणि विधान परिषदेच्या सदस्यांनाही तो मिळतो. खासदार निधीही ५ कोटीच. राज्यसभेवर महाराष्ट्रातून निवडून गेलेले खासदार राज्यात कुठेही काम सुचवू शकतात, तेव्हा फक्त लोकसभेच्या खासदारावर अडून राहू नका. खासगी मालमत्तेत मात्र खासदार निधी चालत नाही. त्यातून होणाऱ्या मालमत्तेची देखभाल कोण करणार याची लेखी हमी आधी लागते, ती नसली की फाईल थांबते.

तिसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची. मुंबई उपनगर जिल्ह्याची नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. ४ मीटर उंचीच्या ३० मीटर भिंतीसाठी ही वाट जास्त योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. आमदार निधीवर मतदारसंघातल्या गटार, लादी, समाजमंदिर अशा छोट्या कामांचा ताण असतो. त्यातून भिंतीला अर्धीच रक्कम मिळाली तर अर्धीच भिंत होते, आणि अर्धी भिंत पाणी दुसऱ्या टोकाला ढकलते.

कागदाचा प्रवास असा: लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा नियोजन अधिकारी यंत्रणेला अंदाजपत्रक मागतो, यंत्रणा जागा पाहून तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक पाठवते, मग प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. शिफारसपत्रात ‘भांडुप येथे संरक्षक भिंत बांधणे’ एवढंच लिहिलं तर यंत्रणेचा अभियंता सोयीची जागा निवडू शकतो. सीटीएस क्रमांक, दोन्ही टोकांच्या खुणा, लांबी आणि उंची हे सगळं कामाच्या नावातच आलं पाहिजे. आणि ‘पाण्याचा निचरा व माथ्यावरील गटारासह’ हे शब्दही नावातच घाला, ते पुढे फार कामाला येतात.

मुरूम आणि काँक्रीट यांचं उत्तर

निचऱ्याबद्दल वर लिहिलं आहे त्याला पूर्ण दुजोरा. भिंती मातीने पडत नाहीत, मागे साचलेल्या पाण्याने पडतात. हिशेब बघा. ४ मीटर उंच भिंतीमागे निचरा होणारा कोरडा भराव असेल तर दर मीटर लांबीवर साधारण ५ टन रेटा येतो. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला की रेटा १० टनांवर जातो, त्यातले ८ टन नुसत्या पाण्याचे. २ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेच्या आंबेडकर नगर-पिंपरीपाडा भागात जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळून तिच्यामागे तुंबलेला लोंढा वस्तीवर आला होता. भिंत जुनी नव्हती, हे लक्षात ठेवा.

म्हणून अंदाजपत्रक हातात आलं की आधी या बाबी शोधा. भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पाईप, दोन्ही दिशांना सुमारे दीड मीटर अंतरावर, ओळी एकमेकींच्या अध्येमध्ये आणि उतार बाहेरच्या बाजूला. तुमच्या १२० चौरस मीटर दर्शनी भागाला पन्नासच्या आसपास छिद्रं होतात. भिंतीमागे किमान ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा गाळणथर म्हणजे ३६ घनमीटर खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून मागे जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. हा थर नसला तर छिद्रं पहिल्याच पावसाळ्यात चिखलाने बुजतात. माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारं पक्कं गटार, आणि ते पुढे कुठल्या नाल्याला मिळतं ते नकाशावर दाखवलेलं. गटार अधांतरी सोडलं तर पाणी शेजारच्या चाळीच्या पायाखाली जातं. पायाला वाहणारं दुसरं गटार. वरच्या घरांची मोरी आणि संडासाचं पाणी भिंतीमागे मुरत असेल तर तेही पाईपातून खाली आणावं लागेल, नाहीतर भिंत बारमाही ओली राहते.

भिंत कुठल्या प्रकारची, हे माल न्यायच्या वाटेवर आणि जागेवर अवलंबून आहे. दगडी वजनी भिंतीला, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या भिंतीला, पाया उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद लागतो. तळाला २.२ मीटर आणि माथ्याला ०.६ मीटर धरली तर तुमच्या लांबीला १६८ घनमीटर बांधकाम, म्हणजे जवळपास ४०० टन माल गल्लीतून वर न्यायचा. आरसीसी भिंतीला ६५ घनमीटरच्या आसपास काँक्रीट पुरतं, वजन १६० टन. पण आरसीसीचा पाया मागे टेकडीत शिरतो, त्यासाठी वरच्या घरांच्या अगदी लगत खोदावं लागतं. खाली जागा असेल तर वजनी भिंत, नसेल तर आरसीसी आणि खोदाई तीन-तीन मीटरच्या एकाआड एक पट्ट्यांत. सलग ३० मीटर चर उघडा करू देऊ नका, काम चालू असताना उतार घसरतो तो अशानेच. पाया भरावावर किंवा डेब्रिजवर ठेवायचा नाही, घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं. मातीची तपासणी आणि रेखाचित्रं अंदाजपत्रकासोबत असलीच पाहिजेत. डोंगरी भागातल्या भिंतींसाठी भारतीय मानक १४४५८ आहे, त्याचा उल्लेख मागा.

आता मंजुरी मिळूनही काम का अडतं. सर्वात मोठं कारण वाहतूक. अंदाजपत्रकात दर ट्रक जागेपर्यंत येतो असं गृहीत धरून लावलेले असतात. प्रत्यक्षात वाळू, खडी, सिमेंट शेवटचे शंभर-दीडशे मीटर डोक्यावरून जातं. ही जादा लीड-लिफ्ट, म्हणजे माल लांब नेण्याचा आणि वर चढवण्याचा खर्च, धरली नसेल तर कंत्राटदार एकतर काम सोडतो किंवा मालात काटछाट करतो. त्यातून निविदा २५-३० टक्के कमी दराने गेली असेल तर पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसा. जागेच्या पाहणीला अभियंता येईल तेव्हा शेवटचा ट्रक जिथे थांबतो तिथून भिंतीपर्यंतचं अंतर आणि चढ टेपने मोजून त्याच्या टिपणात लिहून घ्या.

उतारावरची वस्ती

दोघांचेही मनापासून आभार. मिळकत पत्रिकेवर धारक महाराष्ट्र शासन आहे, पण भिंतीचा वरचा कोपरा वनहद्दीला लागून आहे असं सांगतात. त्यामुळे सगळंच अडकेल का? आणि पावसाआधी नवी भिंत होणं शक्य दिसत नाही, तोपर्यंत काय करावं?

नियोजन कक्ष

‘लागून आहे’ आणि ‘आत आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे भूमापन आणि वनविभागाची संयुक्त मोजणी मागा आणि हद्दीच्या खुणा जागेवर करून घ्या. काम हद्दीबाहेर असेल तर वनविभागाचं तसं पत्र फाईलला लावा, प्रश्न मिटतो. एक मीटर जरी आत येत असेल तर १९८० च्या वन अधिनियमाखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते आणि त्यात वर्षं जाऊ शकतात. अशा वेळी भिंतीची रेषा खाली सरकवून पाहणं हाच व्यवहार्य मार्ग. फक्त माथ्यावरचं गटार वनहद्दीत जात नाही ना, ते बघा. भिंत बाहेर आणि गटार आत, म्हणून अडकणाऱ्या फाईली असतात.

वेळेचं गणित जुळवा. उतारावर खोदाई ऑक्टोबर ते मे एवढीच. जिल्हा योजनेचे आराखडे हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होतात आणि साधारण जानेवारीत समितीसमोर येतात, तेव्हा मागणी दिवाळीच्या आसपास पोचलेली हवी. दुसरी खिडकी जानेवारी-फेब्रुवारीत उघडते. इतर योजनांचा न खर्चलेला पैसा तेव्हा पुनर्विनियोजनात फिरतो आणि ज्याचं अंदाजपत्रक व ना हरकत तयार त्याचं काम बसतं. ३१ मार्चच्या तोंडावर नुसतं पत्र घेऊन धावण्यात अर्थ नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात, त्यामुळे कार्यादेश त्याआधी निघेल असं बघा.

मुरूम आणि काँक्रीट

पावसाआधीचं तातडीचं. भिंतीच्या फुगलेल्या भागावर आणि वरच्या घरांच्या ओट्यांवर तडे असतील तर दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून तारीख लिहा आणि दर आठवड्याला अंतर मोजा, फोटोसह. अंतर वाढत असेल तर तो तुमच्या अर्जाचा सगळ्यात वजनदार कागद. माथ्यावर साचणारं पाणी तात्पुरत्या चराने बाजूला काढा, उघड्या मातीवर ताडपत्री घाला, पण तिच्या कडेचं पाणी भिंतीमागे जाणार नाही अशी बांधा. भिंतीच्या पायथ्याशी कोणालाही खोदू देऊ नका, नळाच्या जोडणीसाठीसुद्धा नाही.

जोराच्या पावसात छिद्रांतून पाणी येत असेल तर चांगलं. पाणी अचानक गढूळ झालं, किंवा येत असलेलं अचानक बंद झालं, तर घरं त्याच क्षणी रिकामी करा आणि महापालिकेच्या आपत्कालीन क्रमांकावर, १९१६ वर, कळवा. दार घट्ट बसायला लागणं, फरशी उचलणं, झाड किंवा खांब कलणं हीसुद्धा निघायची खूण आहे. रात्री वाट बघू नका.

वायरमन ताई

दिवे आणि कॅमेरे भिंतीच्या प्रस्तावात घालू नका, दोन्ही कामं एकमेकांना अडकवतील. पायऱ्यांवरच्या दिव्यांसाठी महापालिकेच्या एस विभाग कार्यालयात वेगळा अर्ज द्या. भांडुप-मुलुंडला वीज महावितरणची आहे, तेव्हा प्रत त्यांनाही. अर्जात खांबांची संख्या न लिहिता अंधाऱ्या वळणांचा हातनकाशा जोडा. खांबाचा पाया नव्या भिंतीच्या माथ्यावर नको, आणि केबल माथ्यावरच्या गटारातून नेऊ देऊ नका.

कॅमेऱ्यांसाठी निधी मिळतो, पण तो यंत्रं बसवण्यापुरता. वीजबिल, जोडणीचं भाडं, रेकॉर्डिंगची डिस्क बदलणं आणि काच पुसणं हे दर महिन्याचं काम कोणाचं, हे लेखी ठरल्याशिवाय मागणी करू नका. त्याअभावी कॅमेरे वर्षभरात आंधळे होतात. पोलीस ठाण्याचं पत्र घ्या आणि चित्रण तिथे दिसणार की नाही ते त्यात स्पष्ट करून घ्या.

जागरूक मुलुंडकर

काम सुरू झाल्यावरचं थोडं. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. दहा रुपयांच्या अर्जात अंदाजपत्रक, रेखाचित्र, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि क्यूब चाचणीची (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याची) नोंदवही मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज कार्यादेश निघाल्यादिवशीच टाका, भिंत उभी राहिल्यावर नाही.

पाया भरण्याच्या आणि गाळणथर घालण्याच्या दिवशी वस्तीतलं कोणीतरी जागेवर हवंच, कारण या दोन गोष्टी नंतर दिसत नाहीत. एम२५ काँक्रीट असेल तर १५० मिलिमीटरचे क्यूब तुमच्या समोर भरले जावेत, २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद यावी. खडी थराऐवजी भिंतीमागे खोदलेली मातीच परत ढकलत असतील तर त्याच वेळी काम थांबवायला सांगा आणि कार्यकारी अभियंत्याला फोटो पाठवा. बिल निघाल्यावर ते दुरुस्त होत नाही. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती वर्षं ते कार्यादेशातून टिपून ठेवा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, बंद पडलेल्या छिद्रांची यादी लेखी द्या. साफ करून देणं तेव्हा कंत्राटदाराच्याच गळ्यात असतं.

उतारावरची वस्ती

संयुक्त मोजणीचा अर्ज आणि माथ्याच्या चराचं काम या आठवड्यातच हाती घेतो. कामाच्या नावाचा मसुदा तयार झाला की इथेच टाकतो, कृपया तपासून द्या.

नियोजन कक्ष

जरूर टाका. मसुद्यात लांबी लिहिताना दोन्ही टोकांना भिंत वळवून टेकडीत रुतवण्याचे दोन-दोन मीटर धरा, म्हणजे ३० नाही, ३४ मीटर. नाहीतर पाणी कडेने वळसा घालून येईल.