मदत हवी आहे: न्यू कॅलेडोनियातल्या कनक लोकांचा मताधिकार

न्यू कॅलेडोनिया हा पॅसिफिकमधला फ्रेंच प्रदेश आणि तिथले मूळ रहिवासी कनक, यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. १९९८चा नूमेआ करार (फ्रान्सने टप्प्याटप्प्याने अधिकार सोपवण्याचा), स्वातंत्र्यावरची २०१८, २०२० आणि २०२१ची सार्वमतं, मतदारयादी खुली करण्यावरून मे २०२४मध्ये झालेला हिंसाचार, एवढं वाचून झालंय. मतदारयादी गोठवण्यामागचं (म्हणजे नंतर आलेल्यांना तिच्यात न घेण्यामागचं) कारण मला मनापासून पटतं: फ्रान्समधून येणाऱ्यांच्या गर्दीत मूळ रहिवाशांचं मत बुडू नये.

अडलंय एकाच जागी. सार्वमताच्या यादीत पारंपरिक नागरी दर्जा (म्हणजे वैयक्तिक बाबतीत फ्रेंच कायद्याऐवजी कनक रूढी लागू) असलेल्या कनक व्यक्तीला स्थान होतं. प्रांतिक निवडणुकीची यादी मात्र वेगळी, १९९८च्या नोंदींवर बेतलेली. समजा, एखाद्या कनक तरुणीच्या आईवडिलांची नावं तिथे कधी लागलीच नाहीत, तर तिला प्रांतिक मतदान करता येतं का? फ्रेंच येत नाही, इंग्रजी चालेल. कायद्यातलं नेमकं कलम कुणी सांगू शकेल का?