दर रविवारचा तोच डोंगर : वसंतातल्या चढाईचे अनुभव लिहा

पायवाटवेडी
काल कपाटाचा खालचा कप्पा आवरत होते, तर जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात एक छोटी वही सापडली. आत माझ्याच अक्षरात तारखा आणि पुढे मिनिटं. 'मोठा कातळ – ५२. तीनदा थांबले.' 'मोठा कातळ – ५०. दोनदा.' 'मोठा कातळ – ४७. ओढ्याला पाणी आलंय.' असं करत करत शेवटची नोंद ३८ ची. पुढची पानं कोरी. तिथेच जमिनीवर बसून सगळी वही वाचली. कपाट अजून तसंच आहे.

नऊ वर्षं झाली त्याला. रक्तातली साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण सपाट रस्त्यावर माझं मन लागेना. मग एक मैत्रीण जवळच्या डोंगरावर घेऊन गेली. थंडी सरत आली होती. निघताना अंगात स्वेटर, अर्ध्या चढावर तो कमरेला. पहिल्याच वळणावर छाती अशी धडधडायला लागली की मी परत फिरणार होते. वरून एक वयस्क गृहस्थ उतरत होते. ते वाट सोडून बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "हळू चढा. दम लागणार नाही इतकं हळू." एवढंच बोलून गेले. मी पावलं निम्मी केली आणि त्या दिवशी कातळाला हात लावूनच परत आले.

मग त्या वसंतात दर रविवारी तीच वाट. लोक विचारायचे, कंटाळा नाही येत? दुसऱ्या वळणावर एक झाड आहे. पहिल्या रविवारी नुसत्या काड्या, तिसऱ्या रविवारी टोकांना तांबूस कोंब, सहाव्या रविवारी त्याच्या सावलीत बसून पाणी प्यायलो. वाट रोज वेगळी असती तर हे दिसलंच नसतं. माझ्यातलंही नसतं दिसलं. पुढे साखर खाली आली ती आलीच, पण मला जास्त आठवतो तो दिवस, जेव्हा चढता चढता मी मैत्रिणीला एक अख्खा किस्सा सांगितला आणि दोघींच्या एकदमच लक्षात आलं की मी बोलतेय.

नंतर घरात आजारपण आलं आणि वही कपाटात गेली. येत्या रविवारी पुन्हा जायचं ठरवलंय. तुमच्यापैकी कोण जातं असं, नेमाने, आपापल्या डोंगरावर? लिहा ना.

सोंडेवरून
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

निळी सॅक
बोलता येणं हीच खरी खूण आहे ताई. चढताना वाक्य पूर्ण करता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो जोराचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. माझा डोंगर जाऊन-येऊन अडीच तासांचा, म्हणजे आठवड्याचा किमान हिशोब एका सकाळीच होतो. बाकी दिवस जिने चढतो.

उतारवाली
उताराबद्दल बोला कोणीतरी!! चढताना मी सगळ्यांच्या पुढे असते. उतरताना गुडघे. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या. खुर्चीवर बसताना टेबल धरावं लागतं. या मोसमात दोनदा गेले, दोन्ही वेळा हेच. वय ४४. हे बरोबर आहे का काही चुकतंय?

हाडवैरी नव्हे
@उतारवाली, मी फिजिओथेरपिस्ट आहे, घाईत लिहितेय, मध्ये एक पेशंट येऊन जाईल.
मांड्यांचं आधी. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचं वजन रोखून धरत असतो. एकाच वेळी लांबायचं आणि आवरायचं, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुखणं लगेच येत नाही, १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे दुखतं हे चूक आहे, ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. चांगली गोष्ट अशी की एकदा असा उतार पचवला की पुढचे काही आठवडे स्नायू तयार राहतो आणि तोच उतार कमी दुखवतो. म्हणून नेमाने जाणं महत्त्वाचं. महिन्यातून एकदा गेलात तर दर वेळी पहिलाच दिवस.
(आले परत.) गुडघ्यांसाठी पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका, काठ्या वापरा. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी काठीची लांबी, उतरताना ५ ते १० सेंटिमीटर वाढवायची. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच पाय सोडून देत असेल तर मात्र दाखवून घ्या, इथे विचारत बसू नका.

उतारवाली
सूज नाही. अडकत नाही. हुश्श. काठ्या आहेत घरात, लेकाच्या. आजच काढते. खूप खूप आभार ताई _/\_

दगडधोंडा
काठ्यांना +१. आणि नखं. उतरायच्या आधी लेस पुन्हा बांधा, घोट्यापाशी घट्ट. नाहीतर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकाला आपटत राहतो. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होऊन गेली होती. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून, पुढे अंगठाभर जागा ठेवून.

वाचतेय
मी फक्त वाचतेय. बाबा अंथरुणाला खिळून आहेत, दीड वर्ष झालं, मला एक तासही बाहेर पडता येत नाही. आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो. सकाळी त्यांचं अंग पुसताना उजेड कुठवर खाली आलाय ते बघते. परवा वरच्या खिंडीखाली हिरवा पट्टा दिसला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तिथे झरा आहे, मी तुझ्याएवढा असताना पाणी प्यायलोय. मला माहीतच नव्हतं ते चढायचे.

निळी सॅक
हे वाचून थांबलोच. त्यांना अजून विचारा. वाट कुठून होती, बरोबर कोण असायचं. लिहून ठेवा.

पायवाटवेडी
@वाचतेय, मी वर 'आजारपण आलं' असं दोन शब्दांत लिहिलं ना, ती सहा वर्षं होती गं. सासूबाई. मलाही खिडकीच होती. तुझा एक तास कोणाकडून तरी मागून घे, बहीण, शेजारीण, कोणीही. मी मागितला नाही, ते आजही सलतं. डोंगराला नाही गेलीस तरी चालेल, झोप त्या तासात.

वाचतेय
मावशीला विचारते. खरंच विचारते.

हिरवा मफलर
परागकणांचा त्रास कोणाला होतो का? मला दर वसंतात. सगळी झाडं फुलतात आणि माझे डोळे चोळून लाल. पहिली दोन वर्षं जाणंच सोडलं होतं. आता कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी जात नाही, पाऊस पडून गेल्यावर जाते, हवा धुतलेली असते. घरी आल्यावर आधी आंघोळ, केसांसकट, आणि कपडे थेट मशीनमध्ये. डॉक्टरांनी निघायच्या आधी घ्यायला सांगितलेला पंप घेते आणि दुसरा सॅकच्या वरच्या कप्प्यात. खालच्या नाही! एकदा पंप शोधायला सगळी सॅक वाटेवर रिकामी केली होती. सोबत असलेल्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते माहीत असलं पाहिजे.

मंदगती
वय ६३, ॲन्जिओप्लास्टीला चार वर्षं. मुलाने घड्याळ दिलंय, ते ठोके दाखवतं. सुरुवातीला त्याच्या आकड्यांवर चालायचो आणि दमून जायचो तरी घड्याळ म्हणायचं अजून जोर लावा. डॉक्टरांनी समजावलं की मी घेतो ती बीटा ब्लॉकर गोळी ठोके वाढूच देत नाही, त्यामुळे घड्याळाचे टप्पे मला लागूच पडत नाहीत. आता वर सॅकवाल्यांनी लिहिलंय तेच, बोलता आलं पाहिजे. बायको बरोबर असते, ती मुद्दाम प्रश्न विचारत राहते. छातीत, जबड्यात, हातात काही वाटलं की तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची, आणखी चार पावलं नाही, हा आमचा करार आहे. पहिल्या वर्षी फक्त पहिल्या बाकापर्यंत. गेल्या वसंतात माथ्यावर. वर पोचल्यावर ती रडली, मी नाही. नंतर उतरताना मी.

दगडधोंडा
काका 🙏 काकूंनाही नमस्कार सांगा.

सोंडेवरून
आलो. ताई, तुमच्या मिनिटांच्या नोंदी वाचून लिहावंसं वाटलं. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशोब मांडला, तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे ४ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल तर ४८ अधिक ३०, एकूण ७८ मिनिटं. हे धडधाकट माणसाचं, न थांबता. वसंतात मी त्यावर सरळ एक तृतीयांश वाढवतो, कारण वाट ओली असते, घसाऱ्यावर मुरूम सुटा झालेला असतो, आणि थंडीभर बसलेले पाय असतात.
दुसरं, जिथे वर बर्फ असतो तिथे ओढा सकाळी ओलांडला म्हणून परतताना ओलांडता येईल असं धरू नका. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतो आणि पाणी दुपारनंतर चढतं. आम्ही चौघे एकदा असेच पलीकडे अडकलो. सकाळी घोट्याएवढं होतं, चार वाजता मांडीपर्यंत आणि जोरात. एकजण म्हणत होता हात धरून जाऊ. आम्ही गेलो नाही. वरच्या अंगाला पूल होता तिथवर दोन तास जास्त चाललो, अंधार पडला, घरच्यांचा जीव टांगणीला. पण सगळे घरी आलो. तेव्हापासून परत फिरायची वेळ निघतानाच ठरवतो आणि घरी सांगून जातो, कुठली वाट आणि किती वाजेपर्यंत.

रानझुडूप
चिखल असेल तर मधून चला प्लीज. बूट वाचवायला सगळे कडेने जातात आणि दर वर्षी वाट रुंद होत जाते, कडेची कोवळी रोपं तुडवली जातात. बूट धुता येतात.
आणि ते गृहस्थ वाट सोडून उभे राहिले, तो नियमच आहे. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. त्याची लय तुटली की पुन्हा धरायला त्रास होतो. हल्ली कानात हेडफोन घालून धडाधड उतरतात, हाक मारली तरी ऐकू जात नाही. फार वाईट वाटतं.

हिरवा मफलर
खरंय. अवांतर : आमच्या वाटेवर गेले तीन रविवार एक तपकिरी लोकरी टोपी फांदीला लावलेली आहे. लहान मुलाची.

रानझुडूप
डोळ्यांच्या उंचीवर लावलीये का? म्हणजे सापडणाऱ्याने नीट लावली.

हिरवा मफलर
हो, आणि गेल्या वेळी कोणीतरी तिच्यातलं पाणी झटकून उलटी लावली होती. दर वेळी बघते आहे का.

उतारवाली
मला आता त्या टोपीची काळजी 😢 पुढच्या रविवारी सांगाल का?

दगडधोंडा
गोचीड! कोणी लिहिलंच नाही. ऊब आली की गवतात असतात. लांब पँट, मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, जाळणं काही नको. नंतर ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरकडे, आणि गोचीड चावली होती हे सांगा. कुत्र्यालाही तपासा. आमचा तर अंगभर घेऊन येतो.

निळी सॅक
कुठला आहे? फोटो टाका की.

दगडधोंडा
रस्त्यावरचाच, स्वतःहून मागे आलेला. पहिल्या चढाईला खाली भेटला, वर आला, खाली आला, गाडीत बसला. सहा वर्षं झाली. आता चढताना तोही मध्ये मध्ये बसतो, मग मीही बसतो. फोटो रात्री.

हिरवा मफलर
टोपी नाहीये!! फांदी रिकामी. खाली पण बघितलं, झुडपात पण. कोणीतरी नेली. ज्याची होती त्यानेच नेली असणार.

उतारवाली
वा! आणि माझाही निरोप : काठ्या घेऊन गेले. तिसरी वेळ. आज मंगळवार आहे आणि टेबल न धरता बसले.

वाचतेय
मावशी शनिवारी आली होती. झोपले. दोन तास. बाबा तिला खिंडीची वाट सांगत होते, अर्धवट झोपेत ऐकलं.

पायवाटवेडी
गेले होते रविवारी. मैत्रीण आता दूर राहते, तिला कातळावरून फोन लावला. दुसऱ्या वळणावरचं झाड आहे, एक मोठी फांदी गेलीये पण कोंब आलेत. ओढ्याला पाणी नव्हतं. वहीत ३८ च्या खालीच लिहिलं : 'मोठा कातळ – ६१. चारदा थांबले.'

हाडवैरी नव्हे
आज जिना उतरताना कठडा धरा ताई. उद्या जास्त दुखेल. रविवारी नक्की जा.