पाय दुमडतात म्हणून कारसीट सुलटी करू का?

चिऊची आई:
लेक 16 महिन्यांची आहे. कारसीट अजून उलटीच आहे, म्हणजे तिचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पाय गाडीच्या सीटला टेकतात, मग बेडकासारखे दुमडून घेते. सासूबाईंचं रोजचं सुरू आहे, "अगं, पोरीचे पाय अवघडतात, आता तरी सरळ बसव." त्यात पट्टे आवळले की ही असा आकांत मांडते की नवरा म्हणतो, जरा सैल सोड. मी सोडते. सिग्नलला वळून बघावं तर बाईसाहेबांचा एक हात पट्ट्याबाहेर! काय करू?

दोन पोरांचा बाप:
पायांचं सोडा हो, मुलं मांडी घालूनही बसतात. काळजी मानेची. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली तर सुलट्या बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. ही कल्पना 1964 सालची, स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. अंतराळवीरांच्या सीटवरून सुचली त्यांना! युरोपच्या आर129 नियमात 15 महिन्यांआधी सीट सुलटी करता येत नाही. पण 15 भरले की करायलाच हवी असं कुठे आहे? सीटवरच्या लेबलवर उलट्या सीटची उंची-वजनाची मर्यादा असते, तिथवर चालू द्या.

अर्धवट झोप:
सैल पट्ट्यावर मी बोलते, कारण मी फसलेय. थंडीत मुलाला जाड जॅकेटसकट बसवायचे आणि पट्टे घट्ट आहेत म्हणून निर्धास्त. एकदा पट्ट्यांची लांबी न बदलता जॅकेट काढून बसवलं, तर छातीपाशी माझी अख्खी मूठ आत गेली. तेव्हापासून जॅकेट काढायचं, पट्टे लावायचे, वरून पांघरूण. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघ. घडी पकडता आली तर सैल, बोटं घसरली तर ठीक. आणि उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. वरून निघत असतील तर हात सुटणारच.

दोन पोरांचा बाप:
आणि सीट पुढे ड्रायव्हरशेजारी तर नाही ना? एअरबॅग चालू असेल तर तिथे उलटी सीट अजिबात नको.

चिऊची आई:
नाही नाही, मागेच आहे. पण पट्ट्यांचं बरोबर निघालं! पोर वाढतेय म्हणून नवऱ्याने हेडरेस्ट दोन खाचा वर केला होता, त्याबरोबर पट्टेही वर गेले होते. खाली घेतला, चिमटीत काही येईना इतपत आवळलं. रडली, पण हात आतच राहिला. सासूबाईंना तिच्या शेजारी बसवलं. दोघींची तोंडं जवळजवळ समोरासमोर, तळपाय हाताशी. घर येईपर्यंत गुदगुल्या चालू होत्या, पाय अवघडल्याचं कोणी काढलं नाही.