जुलाबाचं औषध : लागायचं की थांबायचं?

वर्धेकरीण : मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या हाती द्यायचा सूचनांचा कागद मराठीत लिहिते आहे. आदल्या दिवशी पावडर पाण्यात कालवून प्यायची, आतडं रिकामं करायचं, सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या. जुन्या मसुद्यात कुणी ‘आंत्र-सज्जता’ लिहून ठेवलंय. आर्वी-समुद्रपूरच्या माणसाला ते कळणार नाही. ‘जुलाबाचं औषध’ लिहू का?

पांढरकवड्याची सिस्टर : ‘आंत्र-सज्जता’ म्हणजे जणू सीमेवर फौज उभी! पण ‘जुलाबाचं औषध’ त्याहून घातक. तापाचं औषध ताप उतरवतं, खोकल्याचं खोकला थांबवतं, मग जुलाबाचं काय करेल? आमच्या वॉर्डात एका आजोबांनी बाटली तशीच ठेवली. म्हणे, “मले कुठं ढाळ लागले?”

शब्दवेडा : सगळं क्रियापदावर आहे. जुलाब घेणं वेगळं, जुलाब होणं वेगळं. पूर्वी एरंडेल ‘जुलाब म्हणून’ घेत. शब्द मुळात फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी. अरबीतून फिरत आला आणि असा वास घेऊन बसला. ‘रेचक’ अचूक आहे, पण पुस्तकी. ‘कोठा साफ करणे’ कसं वाटतं?

ढोरराख्या : कोठा? आमच्याइकडं कोठा म्हंजे ढोरायचा. “कोठा साफ करून या” म्हटलं त बुढा आधी शेण काढीन, मंग दवाखान्यात येईन. ‘पोट साफ’ लिहा ना बाप्पा.

पांढरकवड्याची सिस्टर : ‘पोट साफ’ म्हणजे लोकांच्या मते रोज सकाळचं. एकदा जाऊन आले की “झालं जी साफ”, आणि उरलेलं औषध मोरीत. इथं तर संडास पाण्यासारखी, निवळ पिवळसर व्हायला हवी.

शिवाय ‘साफ’ म्हटलं की गोळ्या मागे पडतात. धुतलं ना, मग गोळ्या कशाला? नुसतं आतडं धुऊन जखम पिकायचं टळत नाही. तिथले जंतू मारायला पोटातून निओमायसिन, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं जोडीला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हेच सांगितलं : जंतुसंसर्ग टाळायला नुसती सफाई नको, गोळ्यांसकट करा. चिरा देण्याआधीचं शिरेतलं इंजेक्शन आणखी वेगळं.

वर्धेकरीण : मग असं लिहिते : “हे संडास लागायचं औषध आहे. संडास नुसती पाण्यासारखी होईल, घाबरू नका, सांगितलं तेवढं सगळं प्या. ऑपरेशनच्या जागी पू होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या आहेत, त्या चुकवू नका.”

शब्दवेडा : ‘लागायचं’ ठळक करा.

ढोरराख्या : हे समजते. ‘परसाकडं’ नोका लिहू, पोट्टे हासतात.

पांढरकवड्याची सिस्टर : एक ओळ वर टाका, सगळ्यात आधी : पोट फुगलं असेल, ओकाऱ्या होत असतील, वारा सरत नसेल तर औषध प्यायच्या आधी सिस्टरला सांगा. आतडं अडलेलं असेल तर हे पाजत नाहीत.