फॉर्मवर 'नाही' टिक करा म्हणणाऱ्यांना

माठातलं_इन्सुलिन

काल आमच्या नागपूरच्या मनीषनगर ग्रुपवर एका विमा एजंट काकांची पोस्ट फिरत होती. "वय २५? शुगर, थायरॉइड, दमा? घाबरू नका. फॉर्मवर 'नाही' टिक करा, ५ वर्षं क्लेम करू नका, मग कंपनीचा बापही काही करू शकत नाही." खाली चाळीस अंगठे. त्यातले दोन माझ्या सख्ख्या काकांचे. म्हणून लिहायला बसले.

मी २६ ची. अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस. मे महिन्यात लाइट गेली की माझं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या कोनाड्यात जातं, इतक्या वर्षांचा आमचा हा संसार आहे. आणि मी फॉर्मवर लिहायचं, 'नाही'?

मोरेटोरियम (इतकी वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, ती मुदत) २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाचवर आलं, खरं आहे. पण त्याच वाक्यात पुढे 'सिद्ध झालेली फसवणूक वगळून' असं आहे, तेवढं काकांनी गिळलं. दिवसातून चारदा टोचून घेणारी मुलगी "मला माहीतच नव्हतं हो" म्हणणार का? आणि पाच वर्षं क्लेम करू नका म्हणजे काय, आजाराला तारीख देऊन ठेवायची? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला साध्या जुलाबाचं किटोॲसिडोसिस (शुगर बिघडून रक्तात आम्ल साचणं) झालं, तीन दिवस आयसीयू. भरती करताना आईने डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगितलं ते "हिला लहानपणापासून शुगर आहे". ते केसपेपरवर गेलं. आई तिथे तुमचा मोरेटोरियम आठवत बसणार नाही.

तो क्लेम पास झाला, कारण २०१२ मध्ये बाबांनी फ्लोटर (सगळ्या घराची एकत्र पॉलिसी) घेताना माझी शुगर स्पष्ट लिहिली होती आणि वेटिंग पिरियड (जुना आजार धरत नाहीत ती सुरुवातीची वर्षं) केव्हाच संपला होता. २५ पूर्ण झाल्यावर फ्लोटरमधून बाहेर पडावं लागलं, तेव्हा मायग्रेशन, म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॉलिसीत जाणं, मागितलं. जुनी सगळी वर्षं धरली गेली. आता माझी स्वतःची पॉलिसी आहे, 'होय' लिहिलेली. पोरांनो, खोटं लिहू नका. बापाच्या पॉलिसीत आहात तोवर हालचाल करा.

चौदा_वर्षं_धरमपेठ

ताई, ती पोस्ट माझी नाही, पण धंदा माझा आहे म्हणून बोलतो. तुमचं जमलं कारण तुमच्या बाबांनी २०१२ मध्ये पॉलिसी घेतली. ज्याच्या बापाने घेतली नाही त्याने काय करायचं, बाप बदलायचा?

मागच्या महिन्यात बुटीबोरीला कंत्राटी लागलेला २४ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. फिट्सची गोळी चालू, पाच वर्षांत एक झटका नाही. मी स्वतः खरं लिहायला लावलं. तीन कंपन्या, तीन नकार. आणि चौथ्या फॉर्मवर प्रश्न असतो, 'यापूर्वी कोणी प्रस्ताव नाकारला आहे का?' तिथेही खरं लिहा! खरं बोलणाऱ्याचं दप्तर दर फॉर्मला जड होत जातं, खोटं बोलणारा मोकळा. तुम्हीच सांगा त्याला काय उत्तर देऊ.

आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०२४ च्या परिपत्रकात लिहिलंय की सगळ्या वयांसाठी, सगळ्या आजारांसाठी पॉलिसी असावी. कागद छान आहे. आरोग्य संजीवनी ही एकसारखी साधी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकावी लागते, सगळ्यांना विकावी लागत नाही. फरक लक्षात घ्या.

बम_तापलाय

अबे चौदा वर्षं, तुमच्यासारखाच एक जण आमच्या बुढ्याले पॉलिसी देऊन गेला होता. समोर चहा, मोबाईल काढला, "काकाजी, बीपी-शुगर काही नाहीच ना?" बुढा चष्मा शोधून रायला, तोपर्यंत सगळ्या खान्यात 'नाही' होऊन गेलं. अन् मंग, "ओटीपी सांगा फक्त." बीपीच्या गोळ्यांचं पाकीट टोस्टच्या बशीजवळ पडलं होतं. त्यानं बशी सरकवून टोस्ट घेतला, पाकीट दिसलं नाही त्याले!

तीन वर्षांनी अँजिओप्लास्टी. बिल दोन लाख चाळीस हजार. पत्र आलं, वस्तुस्थिती लपवली. फॉर्मची प्रत पॉलिसीच्या फाइलमंधीच होती, आम्ही कधी उघडून पाह्यलीच नव्हती. एजंटचा फोन तेव्हापासून 'स्विच ऑफ'. आता सांगा मले, खोटं कोण बोललं? बुढा का टोस्ट खाणारा?

चौदा_वर्षं_धरमपेठ

झालं, सगळे एजंट चोर. मी इथे खरं लिहायला लावल्याचं उदाहरण देतोय आणि तुम्ही मला टोस्ट खाऊ घालताय. तुमच्या वडिलांना पॉलिसी आल्यावर ३० दिवस असतात वाचून परत करायला. पूर्वी १५ होते. वाचली का?

बम_तापलाय

७१ वर्षाच्या माणसानं साठ पानं इंग्रजीत वाचावी म्हणता? वा रे वा.

लाल_कार्ड

तुम्ही दोघं भांडा, पण मुद्दा तरुण मुलांचा होता. माझा भाऊ २२ चा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार. विदर्भात हे नवीन नाही, डागा हॉस्पिटलपासून मेडिकल कॉलेजपर्यंत सगळे ओळखतात. पण कंपनीच्या फॉर्मवर हा शब्दच नव्हता, 'रक्ताचे इतर विकार' अशी एक ओळ. तिथे 'होय' केलं की दोन दिवसांत खेद व्यक्त करणारा मेल.

माझी गंमत वेगळीच. मी एएस, म्हणजे नुसती वाहक. कधी एक गोळी नाही. प्रामाणिकपणे लिहिलं. टेली-मेडिकलवाल्या डॉक्टरचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या सिग्नलला. "मॅम, लास्ट क्रायसिस कब आया था?" नाही आला. "ब्लड कितनी बार चढ़ाया?" नाही चढवलं हो. सिग्नल तीनदा हिरवा झाला, मागचे ऑटोवाले शिव्या घालतायत आणि मी फुटपाथला गाडी लावून डॉक्टरला वाहक म्हणजे काय ते शिकवतेय. शेवटी प्रीमियम वाढवूनच दिली. माठातलं, तुमचं पटतं. पण खरं बोलायची फी लागते हेही लिहा ना.

माठातलं_इन्सुलिन

लिहिते. मलाही आधी दोन कंपन्यांनी नकार दिला होता आणि मायग्रेशनमध्येही लोडिंग (जादा प्रीमियम) लागलं. ते वर लिहिलं नाही, चुकलं. भावासाठी एक पाहा. अपंग हक्क कायद्यात २०१६ पासून सिकलसेल आहे, आणि आयआरडीएआयने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी आणायलाच लावली. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर ती मागा.

लाल_कार्ड

मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अशी काही पॉलिसी आमच्याकडे नसते. त्यांच्याच वेबसाइटवरचं पान मोबाईलवर दाखवलं. मग म्हणाली, साहेब जेवायला गेलेत.

फुकटचा_सल्ला

एवढी डोकेफोड कशाला? महात्मा फुले योजना आता राज्यात सगळ्यांना आहे, पाच लाखांपर्यंत. जुना आजार विचारत नाहीत. प्रीमियमचे पैसे आरडीत टाका.

माठातलं_इन्सुलिन

योजनेत ठरलेले उपचार, तेही ठरलेल्याच हॉस्पिटलात. घरचं इन्सुलिन त्यात नाही. (माझ्या पॉलिसीतही नाही, मान्य. तुम्ही लिहायच्या आधी मीच लिहिते.) आणि दोन वर्षांच्या आरडीत आयसीयूचे किती दिवस निघतात ते बम_तापलाय यांना विचारा.

कायद्याचा_किडा

बम_तापलाय, तुम्ही विमा लोकपालाकडे का गेला नाहीत? कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की वर्षभराच्या आत लोकपाल. एक पैसा लागत नाही, ५० लाखांपर्यंत निवाडा देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो.

बम_तापलाय

कुठं असते हे?

कायद्याचा_किडा

आपल्याला पुणं लागतं. नारायण पेठ.

विदर्भ_वेगळाच

हे वाचून हसू की रडू कळेना. विदर्भाला महाराष्ट्रात घेण्याचा नागपूर करार झाला २८ सप्टेंबर १९५३ ला. हिवाळी अधिवेशन द्यायचं, संत्री खायची, आठ-पंधरा दिवसांत घरी. आणि ज्या बुढ्याची अँजिओप्लास्टी झाली त्याने रात्रभर गाडीत बसून नारायण पेठेत जायचं? उपराजधानी म्हणायला जीभ कशी वळते यांची! इथे एम्स दिलं म्हणतात, मेट्रो दिली म्हणतात. लोकपालाचं एक टेबल-खुर्ची नाही देता आली?

कोथरूड_ते_खामला

मी पुण्याची, सासर नागपूर. एक विचारू? लोकपालाचं ऑफिस केंद्राच्या व्यवस्थेतलं आहे, त्यात पुणेकरांनी नक्की काय केलं? आम्ही काय ते पेठेत लपवून ठेवलंय?

विदर्भ_वेगळाच

वहिनी, तुम्ही वैयक्तिक घेऊ नका. पण लपवलंय नाही, ठेवलंय. तिथेच तर दुखतं. आयटी तिकडे, विद्यापीठं तिकडे, आता आजारी पडल्यावरची तक्रारही तिकडेच.

कोथरूड_ते_खामला

आणि मिहानमध्ये नोकरी लागलेली आमची भाचेसून कुठली आहे? हडपसरची. ती बिचारी ४६ डिग्रीत रडत नाही.

बम_तापलाय

४६ मंधी कोणी रडत नाही, पाणीच राहत नाही डोळ्यात.

फुकटचा_सल्ला

विदर्भ वेगळा झाला की प्रीमियम कमी होईल का, तेवढं सांगा.

विदर्भ_वेगळाच

तुमच्यासारखे आहेत म्हणूनच झाला नाही.

कायद्याचा_किडा

सगळ्यांनी पाणी प्या. लोकपालाची तक्रार ऑनलाइन जाते, सुनावणी व्हिडिओवर होते. गाडीत बसायची गरज नाही. आणि पुण्याचं तोंडच बघायचं नसेल तर सिव्हिल लाइन्समध्ये आपला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे केस टाकता येते, आणि तुम्ही भरलेली रक्कम, म्हणजे इथे प्रीमियम, पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य.

विदर्भ_वेगळाच

व्हिडिओवर होत असेल तर होवो. टेबल तरी इथे ठेवा, एवढंच म्हणणं.

चौदा_वर्षं_धरमपेठ

किडा साहेब, उगाच आशा लावू नका. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिक्लेमच्याच केसमध्ये सांगितलंय, शुगर आणि किडनीचा आजार लपवला तर कंपनीचा नकार बरोबर. 'एजंटने भरलं' हे रडगाणं आयोगात रोज ऐकतात.

कायद्याचा_किडा

बरोबर. आणि त्याच कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये असंही सांगितलं की आजाराची स्थिती समजून घेऊन कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की नंतर त्याच आजाराच्या नावाने हात झटकता येत नाहीत. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. 'होय' लिहिणाऱ्याच्या हातात दुसरा आहे, 'नाही' लिहिणाऱ्याच्या गळ्यात पहिला.

माठातलं_इन्सुलिन

हेच मी पहिल्या पोस्टमध्ये सांगत होते, मध्ये नारायण पेठ आली.

चौदा_वर्षं_धरमपेठ

ठीक आहे ताई. उद्यापासून माझ्या ऑफिसात 'होय' वर टिक. नकार आलेले सगळे मनीषनगरला पाठवतो, चहा तुम्ही पाजा. आणि त्या बुटीबोरीच्या मुलाला तुमच्याकडेही उत्तर नाही, हे मात्र लिहून ठेवा.

माठातलं_इन्सुलिन

नाही माझ्याकडे. खोटं लिहायला लावणं हेही उत्तर नाही. त्याच्या कंपनीत ग्रुप पॉलिसी आहे का ते विचारलंत? कंत्राटदाराकडे का असेना. ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. नोकरी सोडायच्या आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो, मग निदान दार तरी किलकिलं होतं. नाही म्हणू शकतात, माहीत आहे.

चौदा_वर्षं_धरमपेठ

ग्रुपचं विचारलं नव्हतं. विचारतो.

बम_तापलाय

लिहून ठेवा रे कोणी, चौदा वर्षात पह्यल्यांदा काही विचारून रायला.

तेलंगखेडी_कट्टा

मी नुसताच वाचत होतो. मला दमा आहे, पंप चालू. बाबांच्या फ्लोटरमध्ये आहे, त्यांनी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला आहे. पुढच्या महिन्यात २५ होईन. बाबा म्हणतात रिन्यूअलच्या वेळी पाहू.

माठातलं_इन्सुलिन

रिन्यूअल कधी?

तेलंगखेडी_कट्टा

बहुतेक पन्नास-बावन्न दिवस आहेत. कपाट उघडून बघावं लागेल.

माठातलं_इन्सुलिन

आत्ता उघड. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं असेल तर ४५ दिवस आधी अर्ज हवा, म्हणजे तुझ्या हातात आठवडाच आहे. त्याच कंपनीत राहणार असशील तर उद्या सकाळी मेल टाक, 'वेटिंग पिरियडचं क्रेडिट लेखी कळवा' हे वाक्य त्यात पाहिजेच. आठ वर्षांपूर्वीच्या फॉर्मची प्रत शोध, दमा लिहिलेला असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेव. आणि बाबांना ओटीपी कोणाला सांगू नका म्हणावं.

तेलंगखेडी_कट्टा

प्रत सापडली. आईने तिच्यात पितळेच्या समया गुंडाळून ठेवल्या होत्या. दमा लिहिलेला आहे, अर्ध्या शब्दावर तेलाचा डाग आहे.

कायद्याचा_किडा

उरलेला अर्धा वाचता येतो ना? चालेल.